तीस जूनच्या आत

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, कारण आमच्या घरात सध्या कर्फ्यू आहे. टीव्ही बंद. मिक्सर सकाळी आठच्या आत. दाराची बेल बाबांनी वायर काढून मुकी केलीये. त्यामुळे कुरिअरवाला खालून फोन करतो, फोन सायलेंटवर असतो आणि पार्सल परत जातं. धाकट्या बहिणीची मे महिन्यात सीए फायनल आहे. स्टडी लिव्ह सुरू होऊन तीन आठवडे झालेत. डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेमधलं डायनिंग टेबल आता तिच्या मालकीचं आहे आणि बाकी पब्लिक मांडीवर ताट घेऊन जेवतंय.

तिच्या अभ्यासाबद्दल मी लिहू नये हेच बरं. मी पडलो इंजिनियर. डेबिट कुठल्या बाजूला असतं हे आठवायला मला अजून दोन सेकंद लागतात. पण एका एक्सेल शीटबद्दल मात्र लिहायचंय. ती मी जून २०२३ मध्ये बनवली होती, एका रात्रीत, मोठ्या अभिमानाने. तिच्यावरून आमच्या घरात एका माणसाची तीन वर्षं ठरली.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण माझ्यासारख्या आयटीवाल्यांना हे प्रकरण माहीत नसतं. आपलं कसं, चार वर्षं इंजिनियरिंग, एखाददुसरी केटी, मग कॅम्पस, मग नोकरी. अनुभव पदवीनंतर. सीएचं तसं नाही. तिथे इंटर आणि फायनल या दोन परीक्षांच्या मध्ये आर्टिकलशिप असते. म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली काही वर्षं प्रत्यक्ष काम. ते केल्याशिवाय फायनलला बसताच येत नाही. पूर्वी या मुलांना आर्टिकल क्लार्क म्हणत, आता आर्टिकल असिस्टंट म्हणतात. नाव सुधारलं, झेरॉक्स मशीनपाशी उभं राहायचं काम तेच आहे असं बहीण म्हणते. १९४९ च्या कायद्याने इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १ जुलैला. म्हणून १ जुलै हा सीए दिवस. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट अशी, की परीक्षा ठराविक महिन्यांतच होतात, पण आर्टिकलशिप मात्र तुम्ही सही कराल त्या दिवशी सुरू होते. त्यामुळे ती संपते कधी आणि त्यानंतरची परीक्षा येते कधी, याचं एक गणित असतं. एका बाजूला तारीख चार दिवसांनी हुकली की दुसऱ्या बाजूला सहा महिने जातात. रेल्वेवाल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. डोंबिवलीला जिन्यावर अर्धा मिनिट अडकलात तर अर्धा मिनिट उशीर होत नाही, पुढची फास्ट मिळेपर्यंतचा उशीर होतो.

तर, जून २०२३. त्याआधी बहिणीने मे २०२२ ला इंटरचे दोन्ही ग्रुप दिले, दोन्ही उडाले. नोव्हेंबर २०२२ ला पहिला ग्रुप निघाला. मे २०२३ ला तिने दुसरा दिला आणि आम्ही निकालाची वाट बघत होतो. त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये एन्टरप्राइझ इन्फर्मेशन सिस्टिम्स नावाचा भाग होता. सबंध सीए कोर्समध्ये मला शिकवता येईल असा हा एकमेव विषय. मी तिला रात्री बसून डेटाबेस, फायरवॉल, बॅकअप वगैरे शिकवलं. पुढे इन्स्टिट्यूटने नव्या अभ्यासक्रमात हा विषय इंटरच्या पेपरांतून काढूनच टाकला. माझ्या शिकवण्याचा याच्याशी संबंध नसावा. :-)

आणि नेमका त्याच वेळी नियम बदलला. नव्या योजनेची कुजबुज खूप दिवस होती. ती राजपत्रात आली २२ जून २०२३ ला आणि लागू होणार होती १ जुलैपासून. सीए दिवसाचा मुहूर्त. जुन्या नियमात इंटरचा एक ग्रुप निघाला आणि चार आठवड्यांचं ट्रेनिंग झालं की आर्टिकलशिप सुरू करता यायची, पण ती तीन वर्षांची. फायनलला मात्र शेवटच्या सहा महिन्यांत, काम चालू असतानाच बसता यायचं. नव्या नियमात आर्टिकलशिप दोनच वर्षांची, पण त्यासाठी इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेले हवेत. आणि दोन वर्षं संपल्यावर आणखी सहा महिने गेल्याशिवाय फायनल नाही. रजेचाही फरक होता. जुन्या तीन वर्षांत साधारण १५६ दिवस रजा जमते, तीच लोक साठवून फायनलच्या आधी स्टडी लिव्ह म्हणून घेतात. नव्यात वर्षाला १२ दिवस, बास.

३० जूनपर्यंत नोंदणी केली तर तीन वर्षं. १ जुलैनंतर केली तर दोन.

तुम्ही म्हणाल, मग यात विचार कसला करायचा? थांबायचं की आठ दिवस! आईसुद्धा हेच म्हणाली. पण थांबायला दोन्ही ग्रुप हवे होते, आणि दुसऱ्या ग्रुपचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागणार होता. म्हणजे ठरवायचं आधी आणि कळणार नंतर. नापास झाली तर जुना दरवाजा बंद झालेला आणि नवा उघडलेला नाही, अशी अवस्था.

घरात तीन मतं. आई म्हणे थांब. बाबा म्हणे हातातलं सोडू नये. बाबा त्याच वर्षी रिटायर झाले होते, फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जात होता, आणि 'हातातलं सोडू नये' हे वाक्य त्या दिवसांत ते भाजी आणतानाही म्हणत. बहिणीचं मत कुणी नीट विचारलं नाही. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, भांडू नका, मॉडेल करू.

शीट अशी होती. तीन रांगा. तेव्हा फायनल वर्षातून दोनदाच व्हायची, मे आणि नोव्हेंबर.

पहिली रांग: आत्ता सही, तीन वर्षं. जून २०२६ ला संपणार. शेवटच्या सहा महिन्यांत मे २०२६ ची परीक्षा येते. फायनल मे २०२६.

दुसरी रांग: थांबली आणि पास झाली. जुलै २०२३ ते जुलै २०२५. त्यावर सहा महिने म्हणजे जानेवारी २०२६. पुढची परीक्षा मे. फायनल मे २०२६.

तिसरी रांग: थांबली आणि नापास झाली. मग नोव्हेंबर २०२३ ला पुन्हा, निकाल जानेवारी २०२४ मध्ये, तिथून दोन वर्षं, त्यावर सहा महिने. फायनल नोव्हेंबर २०२६. पुन्हा नापास, तर आणखी सहा महिने पुढे.

बघितलंत? पहिली आणि दुसरी रांग एकाच ठिकाणी येऊन पोचतात! दोन वर्षांच्या रस्त्याने गेलं तरी मे २०२६, तीन वर्षांच्या रस्त्याने गेलं तरी मे २०२६. थांबण्यात जास्तीत जास्त फायदा शून्य, आणि तोटा कितीही. हे दिसल्यावर मला जो आनंद झाला तो प्रॉडक्शनमधला बग रात्री दोन वाजता सापडल्यावर होतो तसा. मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून समजावून सांगितलं. बाबा खूश. आई गप्प. बहीण स्क्रीनकडे बघत होती.

शीटमध्ये एक सेल पिवळ्या रंगाचा होता. 'दुसरा ग्रुप निघण्याची शक्यता'. त्यात मी लिहिलं होतं, ३०%.

"हे कुठून आलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "साधारण असंच असतं ना. उलट मी थोडे जास्तच धरलेत."

ती काही बोलली नाही. आत गेली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली की सही करते.

आता सही करायला फर्म हवी. मोठ्या फर्म्स शक्यतो दोन्ही ग्रुप निघालेली मुलं घेतात. लोअर परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये तिचं बोलणं झालं होतं, पण निकालानंतर या असं ते म्हणाले होते. आत्ता म्हणजे या आठवड्यात घ्यायला तयार होते ते ठाण्यात नौपाड्यातले एक सर. छोटं ऑफिस, सात-आठ माणसं, स्टायपेंड महिना पाच हजार. मध्येच कल्याणच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आणखी एक मार्ग सुचवला. कागदावर आर्टिकलशिप दाखवायची, ऑफिसला जायचंच नाही, घरी बसून अभ्यास करायचा. याला डमी म्हणतात. इन्स्टिट्यूटच्या लेखी हा गुन्हा आहे आणि पकडले गेलात तर मुलाचं ट्रेनिंग जातं आणि सही करणारा सीएही अडकतो. गृहस्थ म्हणाले, "सगळेच करतात हो." बहिणीने त्यांना अगदी नम्रपणे विचारलं, "काका, मग तुमच्या ऑडिटला कुणाला पाठवतात, डमीला?" काका नंतर आमच्याकडे गणपतीलाही आले नाहीत. असो.

बुधवार, २८ जून २०२३. दुसऱ्या दिवशी आषाढी आणि बकरी ईद एकत्र, म्हणजे सुट्टी. मग शुक्रवार ३० तारीख, आणि खेळ खलास. पाऊस मुंबईत दोन-तीन दिवसांपूर्वीच आला होता. मी ऑफिसला दांडी मारून तिच्याबरोबर ठाण्याला गेलो. स्टॅम्प पेपर, फॉर्म १०२, फॉर्म १०३, फोटो, सही. सर म्हणाले, "उद्या एकादशी, परवापासून ये." स्टेशनवर येताना मी तिला गोखले रोडवर कॉफी पाजली आणि म्हटलं, बघ, आता निकाल काहीही लागो, मे २०२६ फिक्स. ती म्हणाली, "हो ना."

५ जुलैला निकाल लागला. ती पास झाली होती. ४०० पैकी २१४. मी शिकवलेल्या पेपरात ६१.

मला ऑफिसमध्ये तिचा मेसेज आला. मार्कशीटचा स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: '३०%'.

सात दिवस. फक्त सात दिवस थांबली असती तर.

आपल्याकडे एक सवय असते बघा. निर्णय चांगला होता का वाईट, हे आपण निकालावरून ठरवतो. मी तेव्हा स्वतःला हेच समजावत होतो की निर्णयाच्या वेळी जी माहिती होती तिच्यावर तो बरोबरच होता. आणि ते खोटंही नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणींचं सांगतो. ठाण्याच्या मैत्रिणीने थांबायचं ठरवलं, पास झाली, जुलैत मोठ्या फर्ममध्ये लागली, जुलै २०२५ ला मोकळी झाली. कल्याणच्या मैत्रिणीनेही थांबायचं ठरवलं. ती ग्रुपमध्ये सगळ्यांत हुशार होती, पण तिचा ग्रुप चार मार्कांनी गेला. पुढच्या वेळीही गेला. ती आर्टिकलशिपला लागली २०२४ च्या ऑगस्टमध्ये. तिची फायनल २०२७ ला. एकाच क्लासच्या एकाच बाकावरच्या तीन मुली, एकाच आठवड्यात ठरवलेलं. आणि हे कुणाच्या आळसाचं फळ नव्हे. मे २०२३ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी ८.३३ टक्के पास झाले होते. जिथे शंभरातले ब्याण्णव राहतात तिथे नापास होणं ही बातमीच नसते.

म्हणजे शीट बरोबर होती. मे २०२६ सुद्धा बरोबर आला. मग बिनसलं कुठे?

सांगतो. पहिलं वर्ष तिने व्हाउचिंग केलं. दुसऱ्याच्या बिलांवर हिरव्या पेनने बरोबरच्या खुणा. दुसऱ्या वर्षी जीएसटी रिटर्न्स, टॅक्स ऑडिट, आणि ठाणे-डोंबिवलीतल्या हाउसिंग सोसायट्यांची ऑडिट्स. आता ती आमच्या गल्लीतून जाताना बिल्डिंगा दाखवते. या सोसायटीचा सिंकिंग फंड वेगळा ठेवलेलाच नाही, त्या सोसायटीत एका माणसाची सहा वर्षांची मेंटेनन्स बाकी आहे आणि तोच कमिटीवर आहे. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट, मुरबाड, शहापूर, पहाटेची कसारा लोकल.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे सीएचे उरलेले पेपर मध्येच पुढे ढकलले गेले तेव्हा ऑफिसातली सीनियर मुलगी टेबलावर डोकं ठेवून रडली. साडेतीन महिने आखलेली रजा, आणि पेपर गेले आठवडाभर पुढे. असल्या वेळी रजेचा एकेक दिवस मोजलेला असतो.

आणि ९ जून २०२५. दिवा-मुंब्रादरम्यान लोकलमधून पडून माणसं गेली तो सोमवार. ती त्याच मार्गावर असायची, त्याच सुमारास. मी तिला बावीस फोन केले. तेविसाव्याला तिने उचलला आणि म्हणाली, "दादा, मी ऑफिसात आहे, आज लवकरची पकडली." मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की डोंबिवली ते ठाणे हे अंतर माझ्या शीटमध्ये नव्हतं. जास्तीचं एक वर्ष म्हणजे त्या दरवाजात आणखी कितीतरी वेळा उभं राहणं, हे मी धरलंच नव्हतं. जुलैमध्ये जर ती मोकळी होणार असती...

पण खरी ठिणगी पडली ऑक्टोबरमध्ये. एरवी टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरला संपते आणि ऑफिसं श्वास घेतात. २०२५ ला ती पुढे ढकलली गेली, म्हणजे काम दिवाळीत शिरलं. ठाण्याची मैत्रीण जुलैपासून घरी बसून अभ्यास करत होती. तिचा सिलॅबस एकदा पुरा झाला होता. आमची बाई दिवाळीच्या आदल्या रात्री अकरा वाजता घरी आली. आईने फराळाचं ताट पुढे केलं. मी नको तेव्हा नको ते बोललो. म्हटलं, "काळजी करू नकोस, दोघींची परीक्षा मेमध्येच आहे ना, तू काही मागे नाहीयेस."

ती म्हणाली, "तुझ्या शीटमध्ये झोपेचा कॉलम नव्हता."

मी हसलो. ती हसली नाही.

मग म्हणाली, "आणि तसंही मला तीन वर्षांचं काही नाही रे. मी केली असती तीन वर्षं. मला पेपर चांगला गेला होता. ते मला माहीत होतं. तू मला विचारलंस का एकदा तरी, की कसा गेला? तू माझ्याजागी सगळ्या देशातल्या मुलांची सरासरी टाकलीस. आणि बाबांनी ते तीस टक्के बघितले."

खरंच सांगतो, मला यावर उत्तर सुचलं नाही. कारण मी खरोखरच विचारलं नव्हतं. मी तिला रात्री बसून फायरवॉल शिकवला होता, ती प्रश्न कसे विचारते ते मला दिसत होतं, तिने सोडवलेले पेपर मी तपासले होते. इतकी माहिती हाताशी असताना मी बाहेरून एक आकडा उचलून पिवळ्या सेलमध्ये टाकला. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी रिव्ह्यूमध्ये त्याची खरडपट्टी काढली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फडके रोडला गेली. नवे कपडे, गणपतीचं दर्शन, मित्रमैत्रिणी. परत आल्यावर माझ्यासाठी गजरा नाही, पण एक चकलीचं पाकीट घेऊन आली. आमच्या घरात माफी ही अशीच मागितली आणि दिली जाते. यावेळी ती मी मागायला हवी होती, हे तेवढं राहिलं.

माझ्या टीममधल्या एकाची बायको अमेरिकेत सीपीए करतेय. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे उलटं आहे. तिथे परीक्षा आधी देता येते आणि कामाचा अनुभव नंतर दाखवला तरी लायसन्स मिळतं. पण एक पेपर निघाला की घड्याळ सुरू होतं. उरलेले ठराविक मुदतीत काढा नाहीतर पहिला बाद. ही मुदत बरीच वर्षं १८ महिने होती, आता बऱ्याच राज्यांनी ती ३० केलीये. इंग्लंडच्या एसीएत ४५० दिवसांचं काम आणि परीक्षा बरोबरीने चालतात. एसीसीएत तीन वर्षांचा अनुभव परीक्षेच्या आधी, मध्ये, नंतर, कसाही चालतो. म्हणजे पुस्तक आणि काम यांचा क्रम काय असावा यावर जगात एकमत नाहीये. प्रत्येकाने आपापलं कुलूप बनवलंय आणि चावी फिरवणारी मुलं सगळीकडे विशीतलीच आहेत.

आता ज्यांच्या घरी कुणी इंटर देतंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. तीन की दोन हा प्रश्न आता उरलेला नाही, नवीन नोंदणीला दोनच वर्षं. इंटर २०२४ पासून आणि फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे एक संधी हुकली तर सहाऐवजी साधारण चार महिने जातात. (हे मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. माझ्या शीटमधला नोव्हेंबर हा महिनाच नाहीसा झाला. कागदावर तर बहिणीला जानेवारी २०२६ ची परीक्षाही जवळ आली होती, २८ जूनच्या सहीमुळे. पण अभ्यास कुठे होता? ऑडिट सीझन संपून महिनाही झाला नव्हता.) तेव्हा मोजायचं ते उलट्या बाजूने. फायनल कुठल्या महिन्यात द्यायचीये ते धरा, त्यातून सहा महिने मागे या, मग दोन वर्षं मागे. जी तारीख येईल तिच्या दोन आठवडे आधी सही झालेली बरी. फर्म शोधायला निकालानंतर सुरुवात केली तर हे दोन आठवडे तिथेच जातात. चार आठवड्यांचं ट्रेनिंग निकालाची वाट बघताना उरकून टाका. आणि ते शेवटचे सहा महिने स्टायपेंड नसतो, त्याचे पैसे घरात आधी बाजूला काढा. आमच्याकडे थांबायचं ठरलं असतं तर हे पैसे कुठून आले असते, याचाही कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता. पण बाबांच्या डोक्यात तो बहुतेक होता.

आणि एक. शक्यतेचा आकडा टाकायचाच असेल तर ज्याची परीक्षा आहे त्याला विचारून टाका. तो चुकीचा सांगेलही. पण चूक त्याची स्वतःची असेल, आणि माणसाला स्वतःच्या चुकीबरोबर तीन वर्षं लोकलमध्ये उभं राहता येतं. दुसऱ्याच्या बरोबर उत्तराबरोबर उभं राहणं जास्त जड जातं, असं मला आता वाटतं.

तिसऱ्या वर्षाबद्दल मी तिला परवा घाबरत घाबरत विचारलं. वाया गेलं का? ती बराच वेळ पेन चावत बसली. म्हणाली, गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीचं ऑडिट सरांनी पहिल्यापासून तिच्याकडे दिलं. स्टॉक मोजायला ती एकटी अंबरनाथला गेली. गोडाऊनमध्ये खोकी रचलेली होती, तिने खालच्या ओळीतलं एक उघडायला लावलं तर रिकामं. मालक म्हणाला मॅडम ते चुकून. तिने आणखी एक उघडायला लावलं. "पहिल्या वर्षी मी वरचं खोकं मोजून आले असते," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी पण कदाचित." मग लगेच म्हणाली, "पण याचा अर्थ तू बरोबर होतास असा नाही हां."

नाही. मान्य.

तर आता स्टडी लिव्ह. १५६ मधले ९८ दिवस तिने साठवून ठेवले होते. आजारपणातसुद्धा तापात ऑफिसला गेली, रजा मोडली नाही. परीक्षेनंतर जूनमध्ये उरलेले दिवस भरायला पुन्हा नौपाड्यात जायचं, २७ जूनपर्यंत. मग फॉर्म १०८, आणि मग निकालाची वाट.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "दादा, ९८ दिवसांचं एक वेळापत्रक करून दे एक्सेलमध्ये. सहा पेपर, दोन रिव्हिजन. तुला बरं जमतं ते."

मी करून दिलं. करण्याआधी प्रत्येक पेपरबद्दल तिला विचारलं की तुला किती दिवस लागतील. तिने सांगितले तेच आकडे टाकले. बेरीज ११३ आली. ती म्हणाली, राहू दे, मी बघते. तिने कुठून तरी १५ दिवस कमी केले, कुठून ते मी विचारलं नाही.

जुनी शीट अजून लॅपटॉपवर आहे. काल उघडली. पिवळा सेल तसाच. डिलीट करावा असं वाटलं, पण मग तसाच ठेवला. बंद करताना 'सेव्ह करायचं का' असं विचारतं ना ते, त्याला नाही म्हटलं.

असो. आत डायनिंग टेबलावरून चहाची ऑर्डर आलीये. आलं जास्त, साखर कमी. मिक्सर आठनंतर बंद, त्यामुळे आलं हाताने किसायचंय.